तेलाचं इंजेक्शन

बिरू : तेलाचं हुतं ना? मग झालं तर. गाभण मेंढीला तेलाचंच देतेत.

वैजनाथ : आबा, पेटीत दोन जातीचं तेलाचं असतं. कुठल्या खणातलं घेतलं तुम्ही?

बिरू : खालच्या. फडक्यात गुंडाळल्यालं.

वैजनाथ : फडक्यातलं?

बिरू : उजेडाला धरलं, हलवून बघितलं. आतलं औषध सावकाश हललं. म्हणलं, तेल हाय. काखंत धरून कोमट केलं आन् काळतोंडीच्या मांडीत दिलं. चार दिस झालं चाऱ्याला तोंड लावंना ती. तू झोपल्याली हुतीस, म्हणलं कशाला उठवा.

वैजनाथ : कवा दिलं?

बिरू : दिस उगवायला. कामून? तोंड कामून उतरलं तुझं?

(भूमजवळचा माळ. एका शेतकऱ्यानं खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतलीत. जाळीच्या आत साठ-सत्तर मेंढरं, जाळीबाहेर पाल. बिरू साठीचा गडी. अक्षराशी त्याची कधी गाठ पडली नाही, पण चाळीस वर्षं मेंढरांना स्वतःच्या हातानं टोचत आलाय. समोर त्याचं सव्वीस वर्षांचं लेकरू. जनावरांच्या दवापाण्याचा कोर्स केलेलं, गावोगाव शेळ्यामेंढ्या टोचत फिरणारं. आईबाप त्याला दैवशाला म्हणतात. तो स्वतःला वैजनाथ म्हणतो, आणि हे इथं अजून कुणाला ठाऊक नाही. औषधाची पेटी दोघांच्या मधे उघडी पडलीय. आई हरणाबाई पाण्याला विहिरीवर गेलीय, तेवढं एक बरं.)

वैजनाथ : ते मेंढराचं न्हवतं आबा.

बिरू : पेटी मेंढराची, आन् औषध मेंढराचं न्हाई? मग काय कोंबडीचं हाय?

वैजनाथ : माझं हुतं.

बिरू : तुझं? तुला काय झालंय?

वैजनाथ : काय न्हाई. अंगात ताकद यायचं. साधं व्हिटॅमिन.

बिरू : मग चुकलं कुठं? काळतोंडीला बी ताकदच पायजे. आजून दोन हुती, ती बी काढून घेतलीत म्या. बांडीला आन् मोरीला देऊन टाकतो, त्या बी गाभण हायेत.

वैजनाथ : न्हाई! आबा, न्हाई. कुठं हायेत ती? द्या इकडं.

बिरू : कोपरीच्या खिशात. उबीला ठिवलीत.

वैजनाथ : द्या म्हणतोय ना.

बिरू : व्हिटॅमिनसाठी कुणी बापाच्या खिशाला झोंबत न्हाई. हात काढ. काय हाय ते आदी सांग.

वैजनाथ : सांगतो. पण आदी काळतोंडीचं बघू. ती किती म्हैन्याची हाय?

बिरू : साडेतीन झालं आसतील. मरंल का?

वैजनाथ : मला ठाऊक न्हाई. जनावरांच्या शांतलिंग डॉक्टरला विचारतो.

बिरू : इच्यार. तिकडं कुठं चाललीस? इथंच उभी ऱ्हाऊन बोल. माझ्या म्होरं.

वैजनाथ : रेंज न्हाई इथं.

बिरू : काल ह्याच दगडावर बसून तासभर बोलत हुतीस की. लाव फोन.

वैजनाथ : …हॅलो, सर. सर, मेंढीला चुकून माणसाचं इंजेक्शन गेलंय. गाभण हाय, साडेतीन म्हैन्याची. … तेलाचं, एक मिली. … नाव? नाव मी मेसेज करतो ना सर. … न्हाई, तसं न्हाई, आबा उभे हायेत इथं म्हणून… बरं. बरं सांगतो. टेस्टोस्टेरॉन. अडीचशेचं.

बिरू : काय म्हणला त्यो? लई वरडला.

वैजनाथ : व्हय सर, नराचंच. … कुणाचं हाय ते नंतर सांगतो. आता मेंढीचं सांगा. … म्हंजी गाभडायची न्हाई? … बहुतेक. बरं. … कोकरू मादी असंल तर? … व्हय, कळलं. वेगळी बांधतो. … चारा कामून खाईना ते संध्याकाळी येऊन बघा तेवढं. व्हय. ठेवतो.

बिरू : नराचं म्हंजी?

वैजनाथ : डॉक्टर म्हणले, एवढ्यानं बहुतेक गाभडायची न्हाई, पण लक्ष ठेवा. कोकरू मादी असलं तर त्यात काय खोट ऱ्हाईल का, आजच सांगता येत न्हाई. आन् आठ-पंधरा दिस ही बाकीच्यांना धडका मारंल, अंगावर चढंल. म्हणून वेगळी बांधायची.

बिरू : मेंढी मेंढीच्या अंगावर चढंल?

वैजनाथ : व्हय.

बिरू : आन् ते औषध तू सोताच्या अंगात घालून घेतीस.

वैजनाथ : …व्हय आबा.

बिरू : बोल म्होरं.

हरणाबाई : काय चाललंय वो सकाळच्या पारी? पार हिरीपतुर वरडायला ऐकू यायलंय. शेताचा मालक म्हणंल, धनगराचं घर हाय का जत्रा हाय.

बिरू : इच्यार तुझ्या लेकीला. नराचं औषध टोचून घ्यायली ती. चोरून. मेंढराच्या पेटीत लपवून.

हरणाबाई : अगं बया… म्हंजी खरंच की. दैवशे, किती म्हैने गेलेत?

वैजनाथ : कशाचे?

हरणाबाई : आता आईपसनं लपवू नगंस. तीन म्हैने झालं, तू एकदा बी जाळीपसनं लांब ऱ्हायली न्हाईस. अडचण आली का बाईमाणूस जाळीत शिरत न्हाई, मेंढराला हात लावत न्हाई. आमी पिढ्यान् पिढ्या पाळत आलाव. तू बिनघोर आत-भाईर करायलीस. म्या मोजत न्हाई व्हय? पयल्या म्हैन्यात म्हणलं इसरली आसंल. दुसऱ्याला पोटात धस्स झालं. तिसऱ्याला तेरखेड्याला जाऊन भैनीच्या कानावर घातलं. तिची सून भुवनेश्वरी दवाखान्यातच कामाला हाय, ती घेऊन जाती म्हणली. ह्यांना कळायच्या आत सगळं उरकायचं हुतं. कुणाचा हाय त्यो? तेवढं सांग. मारायची न्हाई म्या तुला.

बिरू : हरणे, तू काय बोलायलीस? तुला ठाव हुतं?

वैजनाथ : आई, थांब. मला दिवस गेल्याले न्हाईत.

हरणाबाई : मग अडचण कामून बंद?

वैजनाथ : ह्याच इंजेक्शनानं. दुसरं कायबी न्हाई. तुझी आन.

हरणाबाई : न्हाईत गेलेलं? खरं? माय माझे… दोन म्हैने माझ्या डोळ्याला डोळा न्हाई गं. भाकर गोड लागंना. मग हे इंजेक्शन कशाचं? कसला आजार झालाय तुला?

वैजनाथ : बस आई. आबा, तुम्ही बी बसा. एकदाच सांगतो, मधी बोलू नका, न्हाईतर मला परत सांगता यायचं न्हाई. मी पोरगी न्हाई. कवाच न्हवतो. बाहेरनं तुम्हाला जे दिसतंय ना, ते मला आतनं कवाच पटलं न्हाई. आजारबिजार काय न्हाई मला. सोलापूरला मनाच्या डॉक्टरबाईकडं आठ म्हैने जात हुतो. लहानपणापासनं सगळं इचारलं तिनं. मग चिठ्ठी दिली. दुसऱ्या डॉक्टरनं रक्त तपासलं आन् हे सुरू केलं. तीन हप्त्याला एक. पाच म्हैन्यात सात झालीत. आठवं आज हुतं.

हरणाबाई : आजचं काळतोंडीला गेलं. देवच पावला म्हणायचा.

वैजनाथ : देव पावला आसंल तर खिशात दोन कशाला ठेवली त्यानं?

बिरू : गप दोघं बी. दैवशे, ते औषध काय करतंय ते मला सांग. म्हैन्या-म्हैन्याचं, इस्कटून.

हरणाबाई : काय करायचं ऐकून? फेकून द्या ती दोन, मिटलं.

बिरू : तू गप ऱ्हा म्हणलो ना! अंगात काय घातलंय ते तर कळू दे मला. सांग.

वैजनाथ : पयल्या दोन म्हैन्यात कातडी तेलकट झाली. तोंडावर फोडं आली.

हरणाबाई : म्या हळद लावत बसले हुते त्याच्यावर!

वैजनाथ : भूक वाढली. मग पाळी थांबली. दंडात, खांद्यात जोर यायलाय, कंबरंची चरबी हळूहळू हालती. आन् आवाज.

बिरू : घसा बसला म्हणून हिनं अडुळशाचा काढा पाजला तुला.

वैजनाथ : चार म्हैने घसा बसत नसतो आबा. आवाज फुटायलाय. पोरांचा चौदाव्या-पंधराव्या वर्साला फुटतो तसा. वर्सभरात जाड हुतो, मग तसाच ऱ्हातो.

हरणाबाई : आन् दाढी? दाढी बी यायची व्हय?

वैजनाथ : लव दाट व्हायला लागलीय. पुरती दाढी यायला तीन-चार वर्सं जातेत. येईल, न्हाईतर बोकडावानी खुरटी ऱ्हाईल. ते घराण्यावर असतं. डोक्याचं केस बी घराण्यावरच. आबांचं आन् आज्याचं बघता माझं बी टक्कल नक्की हाय.

बिरू : म्हंजी घ्यायचंच झालं तर माझं टक्कल घ्यायचं. दुसरं कायबी न्हाई.

वैजनाथ : हसा न्हाईतर रागवा. पण जसं हाय तसं सांगायलो. उंची वाढणार न्हाई, हाडं हायेत तीच ऱ्हातेत. छाती त्यानं जात न्हाई. एका दिसात कायबी हुत न्हाई. कुणाला जादा जादा घेतलं का लवकर हुईल असं वाटतं, तसं बी न्हाई. जादा घेतलं तर उलटच बसतं.

हरणाबाई : आन् उद्या पोटाला लेकरू?

वैजनाथ : अवघड हुतं. कधीच हुणार न्हाई असं बी कुणी लिहून देत न्हाई. पण मला नको आई. सोळाव्या वर्सापासनं सांगत आलोय, लगीन नको. तुला वाटायचं, पोरगी लाजायली.

हरणाबाई : लाजायलीच हुतीस! पाव्हणे आलं का बोकडामागं जाऊन बसायचीस. ती लाज न्हवती तर काय हुतं?

वैजनाथ : तोंड लपवायला जागा शोधत हुतो.

बिरू : सोडलं तर? आज हितंच सोडलं तर, परत पहिल्यावानी?

वैजनाथ : पाळी परत येती. अंगाची ठेवण हळूहळू मागं जाती. आवाज माघारी येत न्हाई आबा. दाढीचं जे मूळ फुटलं ते फुटलं.

बिरू : हं.

हरणाबाई : हं काय हं? म्हणा की कायतरी! लेक गेली हातची आन् तुमी हं म्हणतायसा.

बिरू : म्या चाळीस वर्सं नर खच्ची करत आलोय हरणे. चिमटा लावायचा, दोन बोटाएवढी शीर चेंगरायची. तेवढंच. त्या नराची मान कवा भरत न्हाई. शिंगं थांबतेत. घोगरं आरडायचं ध्यान बी ऱ्हात न्हाई त्याला, गुमान चरतो. दोन बोटाच्या शिरंत एवढं समदं असतंय, ह्ये म्या रोज बघतो. ही ते सुईनं घालायलीय. एवढंच ना?

वैजनाथ : एवढंच आबा.

हरणाबाई : लेकरू हाय ते! मेंढराच्या रांगंला कुठं लावता?

बिरू : मला दुसरं कळतंय काय? जे कळतंय त्यातनंच समजून घेणार ना म्या.

हरणाबाई : समजून घ्या मग. बसा कवतिक करत. म्या न्हाई घ्यायची समजून. दैवशे, हितंच थांबायचं आता. माझ्या गळ्याची आन हाय. बिरोबाची आन हाय.

वैजनाथ : आन घालू नको आई.

हरणाबाई : घातली!

वैजनाथ : मग मोडली म्हण. मी सोडणार न्हाई.

बिरू : सोडणार न्हाईस? हे बघ. हे काय हाय माझ्या हातात? आन् हा दगड. आपटू?

वैजनाथ : आपटा.

बिरू : दोन्ही आपटीन.

वैजनाथ : आपटा आबा. मी सोलापूरला जाऊन दुसरी आणंन. पण तुम्ही आपटलेलं मला जन्मभर ध्यानात ऱ्हाईल. मला ते ध्यानात ठेवायचं न्हाई, म्हणून हात जोडतो, नका आपटू.

हरणाबाई : बघा, बघा कशी बोलती बापाला!

बिरू : पाच म्हैने. पाच म्हैने माझ्यासंगट एका ताटात जेवलीस. काळतोंडीचं पोट कवा दुखतं, बांडीच्या खुरात काटा कवा मोडला, ते म्या लांबनं चालीवरनं वळखतो. आन् माझ्या पालात झोपणारं लेकरू आतनं बदलायलंय ते मला कळलं न्हाई. कळू दिलं न्हाईस तू. त्याचा राग हाय मला. समजलं? बाकीचं मागनं.

वैजनाथ : भ्यालो हुतो.

बिरू : मला?

वैजनाथ : तुम्हाला. गावाला. गावोगाव लोकं हाक मारतेत, डॉक्टरीणबाई, हिकडं या. सहा वर्सं ती हाक ऐकली का मागं वळून बघायचो, दुसऱ्या कुणाला बोलवायलेत का म्हणून. आता आवाज फुटायला लागल्यापासनं मला नीट झोप लागती आबा. एवढंच झालंय खरं तर. झोप लागती.

हरणाबाई : आन् आमची उडवलीस.

बिरू : लोकं बोलवायची बंद झाली तर? टोचायला दुसरा माणूस बघतील.

वैजनाथ : बघतील. काही जण बघतीलच. मेंढरू मरायला टेकलं का येतील परत.

बिरू : एक सांग. ह्यानं जिवाला काय धोका? खरं सांगायचं. मेंढरागत मला बनवायचं न्हाई.

वैजनाथ : रक्त दाट हुतं. लई दाट झालं तर डोकं दुखतं, गरगरतं, गुठळी हुण्याची भीती असती. चरबीचं, लिव्हरचं बी बघावं लागतं. म्हणून पयल्या वर्सात दर तीन म्हैन्याला रक्त तपासायचं. दाट दिसलं तर डॉक्टर औषध कमी करतो, न्हाईतर थांबवतो. नजर ठेवली तर भ्यायचं कारण न्हाई.

बिरू : तपासलंस?

वैजनाथ : पयल्यांदा, सुरू करायच्या आदी तपासलं. चांगलं आलं.

बिरू : पयल्यांदा. पाच म्हैने झाले म्हणतीस. दुसऱ्यांदा?

वैजनाथ : …ऱ्हायलं.

बिरू : ऱ्हायलं म्हंजी?

वैजनाथ : गेलो हुतो. लायनीत नळदुर्गचा गौरीशंकर मामा उभा दिसला. आतली बाई मोठ्यानं नाव पुकारती. मी माघारी फिरलो. मग जाणं झालंच न्हाई.

बिरू : मामानं नाव ऐकू नये म्हणून जीव टांगणीला लावलास? दैवशे, आगं तू दुसऱ्याच्या मेंढराची लस एक दिस चुकू देत न्हाईस. मालकाच्या दारात जाऊन भांडतीस. आन् सोताचं चुकवतीस?

वैजनाथ : चुकलं माझं.

बिरू : डोकं दुखतं का?

वैजनाथ : न्हाई.

हरणाबाई : दुखतं! खोटं बोलती. परवा दिसभर डोक्याला फडकं बांधून बसली हुती.

वैजनाथ : ऊन हुतं आई.

बिरू : ऊन हुतं का रक्त हुतं ते तू ठरवायचं न्हाई. मग झालं तर. ही दोन माझ्या खिशात ऱ्हातेत.

वैजनाथ : आबा, आज माझा दिवस हाय.

बिरू : आज न्हाई. उद्या पयल्या एस्टीनं सोलापूर. रक्त दे. त्या डागदरापुढं बस. त्यो घे म्हणला तर म्या हाताला देतो, न्हाई म्हणला तर न्हाई. चार दिसानं काय जीव जात न्हाई ना?

वैजनाथ : न्हाई. चार-सहा दिवसानं काय बिघडत न्हाई.

बिरू : मग. आन् म्या येणार संगट.

वैजनाथ : तुम्ही येऊन काय करणार? रिपोर्ट तुम्हाला वाचता येत न्हाई.

बिरू : डागदर वाचंल. म्या त्याच्या तोंडाकडं बघीन.

हरणाबाई : म्हंजी तुमी परवानगी दिली! अवो, तुमच्या जिभंला काय हाड? लोकाला काय सांगायचं? भावकीत काय सांगायचं? दैवशाला कुठं गेली म्हणतील, काय सांगू, बोकड खाऊन गेला म्हणू?

बिरू : म्या परवानगी न्हाई दिली. रक्त बघू म्हणलो. रक्ताच्या म्होरं आजून माझं डोकं जायना, हरणे. मला बी येळ लागंल.

वैजनाथ : सोलापूरला मला वैजनाथ म्हणतेत.

हरणाबाई : वैजनाथ? कुणी ठिवलं?

वैजनाथ : तुम्हीच. मी पोटात असताना. तेरखेड्याची मावशी सांगती, पोरगा झाला तर वैजनाथ म्हणायचं ठरलं हुतं म्हणून.

बिरू : ठरलं हुतं. परळीला नारळ फोडून आलो हुतो म्या.

हरणाबाई : त्या नावासंगट म्या तुला न्हाई वाढवलं. म्या दैवशालाला वाढवलं. केस इंचरले, गोंदून घेतलं, कानं टोचली. आता हे कोण? परवा हिरीवर मागनं आई म्हणून हाक आली, म्या वळून बी बघितलं न्हाई. म्हणलं कुणाचा तरी पोरगा त्याच्या आईला हाक मारायलाय. हांडा डोक्यावर घेऊन म्या निघून आले. मागनं तूच आलीस. माझ्याच लेकराची हाक, आन् मला कळली न्हाई. ह्याच्यापरीस आईला आजून काय वंगाळ आसतंय, सांग.

वैजनाथ : मला बी लागलं ते आई. मी बघितलं तुला जाताना. मुद्दाम वळली न्हाईस असं वाटलं मला.

हरणाबाई : मुद्दाम? आगं, मुद्दाम कशाला… न्हाई गं. खरंच कळली न्हाई.

वैजनाथ : चुकलं माझं. म्होरं येऊन परत हाक मारायची हुती.

बिरू : ती बघ. काळतोंडी मोरीला धडका द्यायला लागली. औषधानं का सोताच्या रागानं, कुणाला ठाव. जा, वेगळी बांध आदी. मोरीच्या पोटाला लागंल.

वैजनाथ : दावं कुठंय?

बिरू : जाळीच्या खुंटाला. हळू जा, आज ती तुझं ऐकायची न्हाई.

हरणाबाई : गेली. पाठीमागनं बघा, चाल बी तुमच्यावानी व्हायलीय. कवापसनं झाली वो? म्या कुठं हुते?

बिरू : चाल पयल्यापसनं तशीच हाय. तू म्हणायचीस, पोरीची जात, असं ढांगा टाकून चालू नगं.

हरणाबाई : म्हणायचे. लई बोलले म्या तिला त्याच्यावरनं. …तुमाला खरंच पटलं का वो?

बिरू : पटलं न्हाई. पण मला ते लेकरू दाव्याला बांधता येत न्हाई, आन् माळावर बी सोडता येत न्हाई. रातभर इच्यार करीन. तू बी कर. भैनीला फोन लावून सांग, दवाखान्यात न्यायचं कारण ऱ्हायलं न्हाई म्हणून.

हरणाबाई : तिला काय कारण सांगू?

बिरू : आज काय सांगू नगंस. चूक झाली मोजायला म्हण.

वैजनाथ : आई! ए आई! काळतोंडीला धरलीय मी, पाण्याची घमेली आण की!

बिरू : हरणे.

वैजनाथ : आईऽ! सुटायलीय ही, लवकर आण!

बिरू : तुला हाक मारायलंय लेकरू.

हरणाबाई : ऐकली म्या.

बिरू : मग ओ दे की.

हरणाबाई : …ओ! आणते, धरून ठेव!